आकडा एकदाच लिहावा

आयकराचं नाव काढलं की आमच्या पेडगावात पारावर बसलेली माणसं हसतात. म्हणतात, "त्याचं आपल्याला काय? शेतीच्या उत्पन्नावर कुठे कर आहे?" त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच खरं आहे. परभणी-मनमाड लोहमार्गावरच्या या गावात कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारी घरं आहेत, तशी शिक्षकांची, नोकरदारांची आणि निवृत्तिवेतनधारकांचीही आहेत. आणि ज्याचं सगळं पोट शेतीवर आहे, त्याचीही कधी ना कधी आयकराशी गाठ पडते. ती गाठ बँकेत पडते.

एक साधं उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याची जमीन एखाद्या प्रकल्पात गेली. मोबदल्याचे आठ लाख रुपये आले. त्याने ते बँकेत मुदत ठेवीत ठेवले. सात टक्के दराने वर्षाचं व्याज झालं छप्पन्न हजार. एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा, की साठ वर्षांखालच्या ठेवीदाराचं वर्षाचं व्याज पन्नास हजारांच्या वर गेलं की बँक त्यातून दहा टक्के कर आधीच कापते. म्हणजे पाच हजार सहाशे रुपये गेले. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर वीस टक्के, म्हणजे अकरा हजार दोनशे. आता या माणसाला दुसरं करपात्र उत्पन्नच नाही. त्याच्यावर कर बसतो शून्य. मग कापलेले पैसे कोणाचे? त्याचेच. आपल्याला कर लागणार नाही, असं हमीपत्र त्याने बँकेला आधी दिलं असतं तर कपात टळली असती. ते राहून गेलं. आता पैसे परत हवे असतील तर आयकराचं विवरणपत्र भरावं लागतं. मागितल्याशिवाय परतावा नाही.

पाच हजार सहाशे रुपये म्हणजे पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्यांना मोठाच आधार. ते जूनच्या आधी हातात पडले तर उपयोगाचे. दोन वर्षांनी पडले तर त्या हंगामाला त्याचं काय? म्हणून विवरणपत्र दिल्यानंतर त्याचं पुढे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या देशात या कामाची पद्धत मुळापासून बदलली. लोक म्हणतात, संगणक आला आणि काम झटपट व्हायला लागलं. मला ते पटत नाही. संगणक त्याआधीही होता. खरा बदल वेगळाच आहे, आणि तो मी एका कारकुनाच्या नजरेने सांगणार आहे.

मी एका शाळेत लिपिक होतो. जुलै महिना आला की शिक्षकांची विवरणपत्रं भरून देण्याचं काम माझ्याकडे असायचं. १९९८ मध्ये 'सरल' नावाचा एक पानी फॉर्म निघाला होता. नावाप्रमाणे तो बराच सरळ होता. पगारपत्रकावरून मी प्रत्येकाचं कपातीचं प्रमाणपत्र तयार करायचो. तेच ज्याला आपण फॉर्म सोळा म्हणत आलो. त्यावरचे आकडे 'सरल'मध्ये उतरवायचो, प्रमाणपत्र मागे टाचायचो, विम्याच्या पावत्या लावायचो आणि सगळा गठ्ठा पिशवीत घालून कार्यालयात द्यायला जायचो. खिडकीवर रांग असायची. पोचपावतीवर गोल शिक्का पडला की आपलं काम संपलं, असं वाटायचं.

कागदाचं काम मात्र तिथून सुरू व्हायचं. आधी आवक बारनिशीत नोंद. मग गठ्ठे बांधणं. मग कोणीतरी तो गठ्ठा सोडून एकेक पान समोर ठेवणार आणि त्यावरचे आकडे संगणकात टंकणार. कपातीचं प्रमाणपत्र जोडलंय का, बेरीज जुळते का, हे पाहणार. परतावा निघत असेल तर अधिकाऱ्याची सही होऊन धनादेश तयार होणार आणि तो टपालाने घरी येणार. म्हणजे संगणक होता. पण कागदावरचा आकडा त्यात जायचा तो माणसाच्या बोटांतून.

एकदा मी सहज मोजलं. एकाच शिक्षकाच्या पगाराचा आकडा किती वेळा लिहिला जातो? पगारपत्रकात एकदा. फॉर्म सोळात दुसऱ्यांदा. 'सरल'मध्ये तिसऱ्यांदा. कार्यालयातल्या संगणकात चौथ्यांदा. आकडा तोच, पण तो चार वेळा हाताखालून जायचा. आणि दर वेळी हात चुकू शकतो.

तसा तो चुकलाही. आमच्या एका गुरुजींचं उत्पन्न होतं एक लाख सव्वीस हजार. कुठेतरी दोन आकडे उलटे पडले आणि नोंद झाली एक लाख बासष्ट हजारांची. परताव्याची वाट पाहणाऱ्या गुरुजींना कराच्या मागणीची नोटीस आली. आयुष्यात कोणाचे पाच रुपये न बुडवलेला माणूस. नोटीस पाहून ते दोन दिवस जेवले नाहीत. मी कागद घेऊन गेलो. तिथल्या माणसाने मूळ विवरणपत्र शोधून काढलं, चूक मान्य केली, दुरुस्तही केली. पण त्यासाठी तीन खेपा झाल्या आणि वर्ष गेलं. तो माणूस आळशी नव्हता, वाईट तर नव्हताच. दिवसभर दुसऱ्याच्या अक्षरातले आकडे वाचून टंकणाऱ्या माणसाकडून हे व्हायचंच. दोष त्या हाताचा नव्हता. तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहायला लावणाऱ्या पद्धतीचा होता.

ही पद्धत मोडण्याची सुरुवात विवरणपत्रापासून झाली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ती झाली पैसे जिथे कापले जातात आणि जिथे भरले जातात तिथून. २००४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कर भरल्याचं चलन बँकांनी थेट संगणकाच्या जाळ्यावर कळवायची व्यवस्था सुरू झाली. आणि मुंबईच्या एनएसडीएल या संस्थेमार्फत करमाहितीचं एक देशव्यापी जाळं उभं राहिलं. पगार देणाऱ्याने, व्याज देणाऱ्या बँकेने कोणाच्या नावावर किती कर कापला, याचं विवरण पॅन क्रमांकानिशी दर तिमाहीला तिथे द्यायचं. म्हणजे करदात्याने सांगण्याआधीच त्याच्या कपातीचा हिशेब खात्याकडे पोचू लागला.

त्याचा परिणाम २००७ मध्ये दिसला. विवरणपत्रांचे नवे नमुने आले आणि सोबत सूचना आली, की कोणताही कागद जोडू नका. आमच्या शिक्षकांना हे काही केल्या पचेना. "पुरावा लावायचा नाही? मग ते विश्वास कसा ठेवणार?" असं म्हणून काही जण तरीही फॉर्म सोळा टाचून द्यायचे. त्यांना मी सांगायचो, पुरावा आता तुमच्या टाचणीत नाही. तो तुमचा कर कापणाऱ्याने आधीच पाठवलाय. तुम्ही लिहिलेला आकडा आणि त्याने पाठवलेला आकडा जुळतो का, एवढंच पाहायचं आहे.

पण आकडा टंकण्याचं काम अजून उरलं होतं. देशभरच्या शेकडो कार्यालयांत ते चालूच होतं. त्यावर उपाय म्हणून २००९ मध्ये बंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झालं. त्याची संगणकीय व्यवस्था इन्फोसिस कंपनीकडे दिली गेली. इंटरनेटवरून भरलेली देशभरातली विवरणपत्रं तिथे जाऊ लागली. शिवाय सुरुवातीच्या काळात कर्नाटक आणि गोवा या दोन राज्यांतली कागदी विवरणपत्रंही तिथेच हाताळली जात. स्थानिक अधिकाऱ्याकडे चौकशीचं, तपासणीचं काम राहिलं. बेरीज-वजाबाकी, जुळवणी आणि परतावा काढणं एका जागी गेलं. परभणीचा करदाता असो की पणजीचा, गणित एकाच यंत्रावर, एकाच नियमाने.

त्या काळातली एक गंमत अनेकांना आठवत असेल. विवरणपत्र इंटरनेटवर भरलं तरी सहीचा प्रश्न होता. डिजिटल सही सामान्य माणसाकडे कुठली? म्हणून एक पानाची पोच छापायची, त्यावर निळ्या शाईने सही करायची आणि साध्या टपालाने 'पोस्ट बॅग क्रमांक १, इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्ट ऑफिस, बंगळुरू' या पत्त्यावर पाठवायची. पुढे स्पीड पोस्टही चालू लागलं. मुदत एकशे वीस दिवसांची. सूचना तर अशा, की लग्नपत्रिकेचीही एवढी काळजी कोणी घेत नाही. छपाई काळ्या शाईत हवी, डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र वापरू नका, कागदाला टाचणी मारू नका, खालच्या काळ्या-पांढऱ्या रेघांवर घडी पडू देऊ नका.

लोक वैतागायचे. पण त्या काळ्या-पांढऱ्या रेघांतच सगळं मर्म होतं. तो बारकोड. किराणा मालाच्या पुड्यावर असतो तसा. त्यात त्या विवरणपत्राची ओळख साठवलेली असे. कागद यंत्रासमोर धरला की कोणत्या विवरणपत्राची सही आली, हे कोणी काही न टंकता कळायचं. तुमचे आकडे आधीच तारेवरून पोचलेले, आणि मागून टपालाने येत होती ती फक्त तुमची सही. कागद उरला होता, पण कागदावरून आकडा उतरवून घेणं संपलं होतं.

याचं मोल कळायला अमेरिकेकडे पाहावं. तिथे बहुतेक लोक विवरणपत्र इंटरनेटवर भरतात. तरीही काही जण घरच्या संगणकावर ते तयार करून कागदावर छापत आणि टपालाने पाठवत. तिथल्या कर खात्यातला कर्मचारी तो छापील कागद समोर ठेवून त्यातला एकेक आकडा पुन्हा संगणकात टंकत असे. यंत्रातून निघालेला आकडा कागदावर, आणि कागदावरून माणसाच्या बोटांनी परत यंत्रात! करोनाच्या साथीत कर्मचारी घरी बसले आणि तिथे लाखो विवरणपत्रं तुंबली. २०२२ मध्ये टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातल्या केंद्रात उपाहारगृहातसुद्धा कागदांचे ढीग रचून ठेवले होते. छापील विवरणपत्रावर बारकोड असावा, नाहीतर कागद निदान यंत्राने वाचावा, असा आग्रह करदात्यांची बाजू मांडणाऱ्या तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनी धरला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी कागदाविना प्रक्रियेचा कार्यक्रम जाहीर केला. श्रीमंत देश, हाताशी उत्तम यंत्रं. पण आकडा दुसऱ्यांदा लिहिण्याची सवय सुटली नव्हती.

आपल्याकडे त्यानंतरच्या पायऱ्या पटापट चढल्या गेल्या. २०१५ पासून सहीचा कागदही अनिवार्य राहिला नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर सांकेतिक अंक येतो, तो टाकला की पडताळणी झाली. मार्च २०१९ पासून परताव्याचे धनादेश बंद होऊन पैसे थेट पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होऊ लागले. खात्याच्या आकडेवारीनुसार २०१९-२० च्या करनिर्धारण वर्षात पडताळणीनंतर विवरणपत्राची प्रक्रिया व्हायला सरासरी ८२ दिवस लागत होते. २०२२-२३ साठी ते १६ झाले आणि २०२३-२४ साठी १०. विवरणपत्रांची संख्या मात्र वाढतच होती. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रं आली. एवढे कागद कोणत्या खिडकीत मावले असते?

सगळं सुरळीत झालं असंही नाही. जून २०२१ मध्ये नवं संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यांत ते कोलमडत राहिलं. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. एका जागी काम आणलं की ती जागा अडली म्हणजे सगळा देश अडतो. पूर्वी एका गावची खिडकी बंद असली तर दुसऱ्या गावची उघडी असायची.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. मधला कारकून गेला, त्याबरोबर त्याची चूक गेली, हे चांगलंच झालं. मात्र त्याच्याबरोबर त्याचे डोळेही गेले. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर तो म्हणायचा, "अहो, हे तुमचंच ना?" आणि दुरुस्त करायचा. यंत्र असं विचारत नाही. जुळलं तर जुळलं, नाहीतर अडलं. आता आकडा एकदाच लिहिला जातो. तो ज्याच्या हातून लिहिला जातो, चूकही त्याचीच ठरते. तो हात आता आपला आहे.

याचा फटका आपल्या भागात कुठे बसतो, ते सांगतो. पहिली अडचण नावाची. ज्ञानोबा हे आपल्याकडचं घरोघरचं नाव. इंग्रजीत ते कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जी'पासून. पॅनवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनाव आधी. पारावर हा माणूस एकच आहे. यंत्राच्या लेखी ही तीन माणसं आहेत. ज्या गुरुजींना पूर्वी आकडा उलटल्याने नोटीस आली होती, त्यांचाच परतावा निवृत्तीनंतर अडला तो नावातल्या अक्षरामुळे. या वेळी कोणाच्या खिडकीवर जायची सोय नव्हती. पासबुकावरचं नाव बदलून घेतलं, खातं पुन्हा पडताळलं, तेव्हा पैसे आले. ते लवकर आले हेही सांगायला हवं. पण अडचण काय आहे, हे कळायलाच आठ महिने गेले.

का गेले? तर दुसरी अडचण. गुरुजींचं विवरणपत्र भरून दिलं होतं तालुक्याच्या गावातल्या एका संगणक केंद्रावर. तिथल्या मुलाने मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच टाकला होता. त्यात वाईट हेतू नव्हता. सांकेतिक अंक पटकन मिळावा, काम उरकावं, एवढंच. पण खात्याने 'खातं पडताळा' म्हणून कळवलेला प्रत्येक निरोप त्या मुलाच्या मोबाइलवर जात होता. शेकडो निरोपांत तो बुडून गेला. पूर्वी पोस्टमन नोटीस घरी आणून द्यायचा आणि गुरुजींची झोप उडायची. आता नोटीस भलत्याच्या घरी जाते आणि गुरुजी निवांत झोपतात. यातलं दुसरं जास्त धोक्याचं.

म्हणून माझं गावाकडच्या मंडळींना चार गोष्टींचं सांगणं असतं. पॅन, आधार आणि पासबुक ही तिन्ही एका ठिकाणी मांडून नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर विवरणपत्राच्या आधी तो दुरुस्त करा. दुसऱ्याकडून विवरणपत्र भरून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या लेकासुनेचा द्या. पाठवण्याआधी पडद्यावरचे आकडे, निदान खाते क्रमांक आणि कापलेला कर, वाचून दाखवायला सांगा. आणि पोच छापून घेऊन घरात ठेवा. हो, अजूनही. परताव्याच्या नावाखाली कोणी फोन करून सांकेतिक अंक मागितला तर मात्र सांगू नका. ती खात्याची रीत नाही.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. ऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना साध्या विवरणपत्रांसाठी कागदाची मुभा ठेवली गेली, हे शहाणपणाचं होतं. तसंच, ज्याला पडदा वाचता येत नाही त्याला विचारायला माणूस तालुक्याच्या ठिकाणी असायला हवा. आकडा टंकायला माणूस नको, हे ठरलं. पण आकडा समजावून सांगायला माणूस लागतोच.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होईल असं ठरलं, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलणार म्हणून अनेकजण धास्तावले. क्रमांक बदलत राहतील. मी लिपिक होतो तेव्हापासून किती नमुने आले आणि गेले! त्यामागचं सूत्र तेवढं ध्यानात ठेवावं. आकडा जिथे जन्मतो तिथेच तो एकदा, नीट लिहिला जावा आणि पुढे सगळ्यांनी तोच वाचावा. आपल्या जुन्या पेढ्यांवरचे मुनीम रक्कम लिहिताना आकड्यांत लिहायचे आणि पुन्हा अक्षरांतही. एकदाच लिहायचं, पण चुकायचं नाही, यासाठीची ती काळजी. आता ती काळजी आपल्याला घ्यायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)